गुरुजींचा कर आणि आक्काचे पेढे

रविवारी सकाळी गुरुजी वर्तमानपत्राची घडी मांडीवर आपटतच कट्ट्यावर आले, तेव्हाच लाडक्या बहिणींचा हप्ता जमा झाल्याची बातमी असणार हे आम्ही ओळखले. वर्षाला 46,000 कोटी लागतील असे सरकारनेच 2024 मध्ये सांगितले होते, आणि हा आकडा गुरुजी सुनेचे माहेर काढावे तसा दर पंधरा मिनिटांनी काढतात. ‘आम्ही कर भरायचा आणि यांनी घरी बसून पंधराशे उचलायचे,’ असे म्हणताना त्यांची नजर आक्काकडे गेली. आक्का पहाटे पाचपासून स्टोव्हपुढे उभी होती.

आमचे आडतवाले शेठ, ज्यांची पक्की पावती आख्ख्या परभणीत कोणी पाहिलेली नाही, तेही लगेच करदात्यांच्या बाजूने बोलू लागले. फुकटच्या पैशामुळे सोयाबीन काढायला मजूर मिळत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. ‘मजुरी वाढवून पाहिली का?’ एवढेच मामांनी विचारले. सप्टेंबर 2019 मध्ये कंपन्यांचा कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणताना 1,45,000 कोटींच्या महसुलावर पाणी सोडल्याचे केंद्रानेच सांगितले होते, तेव्हा कोणी घडी आपटली नव्हती, हे मी मध्येच सुचवून पाहिले; पण कट्ट्यावर मला कोणी मोजत नाही.

मामांनी बशीतला चहा संपवला. ‘गुरुजी, नोकरीत असताना फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का कापले जायचे?’ गुरुजींना सांगता येईना. तो व्यवसाय कर होता. एरवी महिन्याला 200, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500. रोजगार हमीला पैसा हवा म्हणून 1975 मध्ये तो कायदा आला, आणि 1972 च्या दुष्काळात सुकडी खाऊन पुढे त्याच हमीवर खडी फोडलेल्या मामांना हे पाठ नसते तरच नवल. ‘पगारदारांच्या करातून आमची मजुरी निघाली, हे मी विसरलेलो नाही; पण त्या खडीच्या रस्त्यावरून तुम्ही तीस वर्षे शाळेत गेलात, हे तुम्ही विसरलात.’

सरकारी नोकरीतल्या बायकांनीही हा लाभ घेतल्याचे 2025 मध्ये उघड झाले, हा गुरुजींचा मुद्दा मात्र मलाही पटतो. ‘त्यांतल्या काही तुमच्याच विद्यार्थिनी असतील,’ मामा म्हणाले.

‘माझा प्राप्तिकर…’ गुरुजींनी पुन्हा सुरुवात केली. प्राप्तिकर आधी दिल्लीला जातो, योजना राज्याच्या तिजोरीतून चालते आणि त्या तिजोरीत दारूवरचे उत्पादन शुल्कही पडते, हे मामांनी शांतपणे समजावले. ‘म्हणजे आमच्या बहिणीचा हप्ता आमचा मेहुणाच भरतो की!’

शेठसुद्धा हसले. आक्काने गाळणी झटकली आणि म्हणाली, ‘गुरुजी, राखीच्या आधी पहिले तीन हजार आले तेव्हा मी पेढे वाटले होते. तुम्ही दोन खाल्ले.’

गुरुजी म्हणाले की त्यांना मधुमेह आहे, त्यामुळे ते शक्यच नाही.

‘तीन खाल्ले,’ मामा म्हणाले.