पाठमोरा डेव्हिड

ठाण्याहून बहिणीचा फोन आला. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर सहलीवरून जुंपली होती. एक गट म्हणे, तिसरीतल्या पोरांना संग्रहालयात कशाला न्यायचं? मूर्ती तर देवळात रोज दिसतात. दुसरा गट नुसताच ‘संस्कृती, संस्कृती’ करत होता. “ताई, तुमच्याकडे लंडनला काय करतात गं?”

इथेही सगळं छान आहे असं नाही. हातात वर्कशीट देऊन पोरांना दालनांतून पळवणाऱ्या शाळा इथेही आहेतच. पण गेल्या महिन्यात लेकाच्या वर्गाबरोबर मदतीला म्हणून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये गेले, तेव्हा बाईंनी दीड तासात दोनच गोष्टी दाखवल्या. दोन्ही नकला! १८७३ साली उघडलेली ही दालनं प्लास्टरच्या प्रतिकृतींचीच आहेत.

इटालियन शिल्पकार मायकेलअँजेलोचा डेव्हिड म्हणजे पाच मीटरहून उंच नग्न पुतळा. बाईंनी आधी मुलांना तसंच उभं राहायला लावलं: भार उजव्या पायावर, डावा गुडघा सैल, मान डावीकडे. दोन मिनिटांत पोरं डुलायला लागली. मग म्हणाल्या, “आता मागे जा.” चौथऱ्याच्या मागच्या बाजूला प्लास्टरचं अंजिराचं पान ठेवलंय. राजघराण्यातल्या स्त्रिया यायच्या तेव्हा ते डेव्हिडला लावत. सगळा वर्ग खिदळला. (मीही.) पण त्या निमित्ताने डेव्हिडची पाठ प्रत्येकाने पाहिली. पुढे रोमन सम्राट ट्राजनचा कोरीव स्तंभ. छताखाली मावेना म्हणून दोन तुकड्यांत उभा केलेला, आतून पोकळ. पोरं थेट त्याच्या पोटात शिरली.

देवळात आपण हात जोडतो, डोळे मिटतो. प्रदक्षिणासुद्धा गाभाऱ्याला घालतो, मूर्तीची पाठ पाहतो कोण? त्यामुळे ‘रोज दिसतात’ हे मला पटत नाही. पण संस्कृतीवाल्यांची सहल तरी काय असते? रांग, शिट्टी, सगळी दालनं एका दमात. गेल्या वर्षी भाची घरी येऊन एवढंच म्हणाली, “खूप मूर्ती होत्या.”

बहिणीला म्हटलं, परळचा शिव दाखवा. १९३१ साली रस्त्याच्या कामात सापडलेली मूळ शिळा बारादेवीच्या मंदिरात पुजली जाते, तिची प्लास्टरची प्रतिकृती मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तिथे निवांत बघता येतं. एकातून एक उगवलेले सात शिव मुलांना मोजू द्या. डेव्हिडसारखं याच्या मागे का जाता येत नाही, हेही विचारा.

बहीण जरा गप्प झाली. मग म्हणाली, “एवढी बस करून एकच मूर्ती? पालक मला खातील.”