परवानगी होती, पण कशाची?

अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरच्या पार्थेनॉन या प्राचीन देवळाच्या शिल्पांवर मी लिहिलं होतं; ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने त्यांतली बरीच काढून लंडनला नेली. त्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबणार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: एल्गिनने तेव्हा अथेन्सवर राज्य करणाऱ्या ऑटोमन तुर्कांच्या सरकारचं रीतसर फर्मान घेतलं होतं; ग्रीस नावाचा देश तेव्हा नव्हताच; शिल्पं लंडनला गेली म्हणून वाचली; आणि ग्रीसला ती इतकी हवी असतील तर उसनी का घेत नाही? शिवाय ‘लेखक भावनेच्या भरात वाहून गेलाय’ असा शेराही मारलाय. तो असू दे, आपण कागद पाहू.

मूळ फर्मान आज कुणालाही दाखवता येत नाही. हाती आहे तो जुलै १८०१ च्या पत्राचा इटालियन तर्जुमा. एल्गिनच्या वकिलातीतला पाद्री फिलिप हंट याच्याकडे तो राहिला आणि आता ब्रिटिश म्युझियमच्याच संग्रहात आहे. पत्र सुलतानाचं नाही. मुख्य वजीर इजिप्तच्या मोहिमेवर होता, त्याच्या जागी कारभार पाहणाऱ्या कायमकामाने ते अथेन्समधल्या अधिकाऱ्यांना लिहिलंय. एल्गिनच्या चित्रकारांना अक्रोपोलिसवर येऊ-जाऊ द्या, परांची बांधू द्या, प्लास्टरचे साचे घेऊ द्या, पाया खणून शिलालेख शोधू द्या, आणि लेख किंवा आकृत्या असलेले काही दगड न्यायचे म्हणाले तर अडवू नका, असा त्याचा आशय. इमारतीत बसवलेली शिल्पं उचकटायची मुभा त्यात कुठेही सांगितलेली नाही. हंटने शेवटचं कलम ताणलं आणि अथेन्सच्या अधिकाऱ्यांनी नजराणे घेऊन ते ताणू दिलं. आपल्याकडच्या जमिनीच्या भानगडी ज्यांनी पाहिल्यात त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही.

तुमच्या बाजूचा यापेक्षा भक्कम मुद्दा तुम्ही मांडलाच नाहीत, तो मीच मांडतो. अथेन्समध्ये अडकून पडलेला उरलेला माल १८१० मध्ये ऑटोमन सरकारने जहाजावर चढवू दिला. म्हणजे आधीच्या कृतीला मागाहून संमती मिळाली, असं म्हणता येतं. पण ती मिळवणारा ब्रिटिश राजदूत रॉबर्ट अडेर यानेच एल्गिनला कळवलं होतं की या शिल्पांवर तुमचा कसलाही मालकी हक्क असल्याचं ऑटोमन दरबार साफ नाकारत होता. मग १८१० ची ती परवानगी राजकारणातली सवलत होती की मालकीची कबुली? मला सवलत वाटते. ग्रीस स्वतंत्र नव्हता, हा आक्षेप इथेच लंगडा पडतो, कारण प्रश्न त्यावेळच्या सत्तेने नेमकं काय दिलं एवढाच आहे.

आता ‘काढली’ म्हणजे काय केलं ते बघा. मेटोप म्हणजे खांबांवरच्या पट्टीतली साधारण सव्वा मीटरची कोरीव फरशी. दोन बाजूंच्या उभ्या दगडांत खाचा असतात आणि बांधतानाच ती वरून त्यांत सरकवलेली असते. तिच्यावर कॉर्निसचे, म्हणजे छपराखालच्या पुढे आलेल्या पट्टीचे, अवजड दगड. त्यामुळे फरशी पुढे ओढून निघत नाही, आधी वरचं कॉर्निस हलवावं लागतं. ते खाली कोसळून फुटताना एडवर्ड डॉडवेल या प्रवाशाने पाहिलं आणि लिहून ठेवलं. फ्रीझचं, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरून फिरणाऱ्या सलग कोरीव पट्टीचं, दुखणं वेगळं. त्याचे ठोकळे साधारण ६० सेंटिमीटर जाड, कोरीवकाम मात्र पुढच्या पाच-सहा सेंटिमीटरमध्ये. एवढं वजन जहाजावर नेणार कसं? कामावरचा मुकादम, इटालियन चित्रकार लुसिएरी, याने संगमरवर कापायच्या डझनभर करवती मागवल्या आणि ठोकळ्यांच्या पाठी कापून टाकल्या. त्या पाठी म्हणजे देवळाची भिंत होती. इतकं करून १८०२ मध्ये शिल्पं नेणारं ‘मेंटॉर’ हे जहाज किथिरा या ग्रीक बेटाजवळ बुडालं. पेट्या वर काढायला पाणबुड्यांना दोनेक वर्षं लागली.

एल्गिन कर्जात बुडाला तेव्हा ब्रिटिश संसदेने १८१६ मध्ये ३५,००० पौंडांना सगळं विकत घेतलं. ठराव ८२ विरुद्ध ३० मतांनी पास झाला. ‘सगळा देश पाठीशी होता’ हे तुमचं वाक्य या आकड्यांशी जुळत नाही.

शिल्पं वाचली, हे अर्धं खरं. जागेवर राहिलेला पश्चिमेचा फ्रीझ हवेतल्या आम्लाने झिजला आणि शेवटी १९९३ मध्ये ग्रीसनेच तो उतरवला. पण लंडनमध्ये १९३७-३८ साली पांढरंशुभ्र करण्याच्या नादात तांब्याच्या छिन्न्या आणि कार्बोरंडम या घासायच्या कठीण पदार्थाने घासून काही शिल्पांचा मूळ पृष्ठभागच गेला. २००९ पासून अथेन्समध्ये अक्रोपोलिस म्युझियम आहे. वरचं काचेचं दालन पार्थेनॉनच्याच दिशेत बसवलंय. ग्रीस शिल्पं तिथे ठेवायला मागतोय, परत देवळावर चढवायला नाही. देवळाच्या पश्चिमेला छपराखाली जो त्रिकोणी भाग असतो, त्यातल्या पोसायडन या समुद्रदेवाच्या धडाचा पुढचा तुकडा अथेन्सला आणि उरलेला लंडनला आहे, यावरून वाटणीची तऱ्हा कळेल.

राहिलं उसनं घेणं. ब्रिटिश म्युझियमची जुनी अट अशी की उसनं घेणाऱ्याने आमची मालकी मान्य करावी. ग्रीसचा सगळा दावाच मालकीचा असताना तो सही कशी करणार? आपल्या सरकारने व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून वाघनखं तीन वर्षांसाठी आणली, ती जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात मांडली. तिथे हेतू लोकांना दाखवण्याचा होता, म्हणून उसनवारी चालून गेली.

कायमचं द्यायचं म्हटलं तर आडवा येतो १९६३ चा ब्रिटिश म्युझियम कायदा. दुसरी प्रत असलेली, निरुपयोगी किंवा अशाच मोजक्या वर्गातली वस्तू सोडून विश्वस्त काहीही देऊ शकत नाहीत. नाझींनी लुटलेली चार रेखाचित्रं परत करायची म्हणून प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा २००५ मध्ये निकाल लागला की नैतिक जबाबदारी कायद्याच्या वर नाही. शेवटी २००९ मध्ये नाझी काळातल्या वस्तूंपुरता वेगळा कायदा करावा लागला. म्हणजे वाट निघते, पण संसदेतून. ‘एक दिलं की म्युझियमच रिकामं होईल’ या भीतीलाही उत्तर त्याच कायद्यात आहे: सूट हवी तेवढ्याच वस्तूंपुरती लिहिता येते.

इटलीतल्या पालेर्मोच्या म्युझियममध्ये याच फ्रीझवरचा, आर्टेमिस या देवीच्या पायाचा तुकडा होता. जानेवारी २०२२ मध्ये तो आधी ठरावीक मुदतीसाठी ठेव म्हणून, मालकी न सोडता, अथेन्सला गेला, बदल्यात अथेन्सने अथेनाची एक मूर्ती आणि एक प्राचीन कुंभ पाठवला, आणि त्याच वर्षी पालेर्मोकडून तो तुकडा अथेन्सला कायमचा देऊन टाकला गेला. लंडनला यातली ठेवीची पायरी आजही चढता येते. पुढच्या पायरीसाठी १९६३ च्या कायद्याला हात घालावा लागेल.