लपवण्यासारखे काही नसेल तर

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरात बर्डीवर पायी जायचे असेल, तर घरून निघण्यापूर्वी मोबाइलमधील सर्व फोटो देशहिताच्या नजरेने एकदा चाळून घ्यावेत. मी ते केले नव्हते. गेल्या आठवड्यात बंदोबस्तावरील एका तरुण शिपायाने "काका, फोन उघडा" असे फर्मावले आणि कोणताही कागद वा कारण न दाखवता पत्नीची औषधांची चिठ्ठी, नातवाचे बारसे आणि आमच्या गल्लीतील उघड्या गटाराचा तक्रारीसाठी काढलेला फोटो अंगठ्याने सरकवत राहिला. गटारापाशी तो थांबला. "हे कशाला काढलं?"

तेव्हा पहिला सल्ला असा की, गटाराचे फोटो काढू नयेत.

पिशवीतील पुस्तकाचे मुखपृष्ठ लाल नसावे.

जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकानुसार 'बेकायदेशीर कृत्य' शब्दांनी आणि खुणांनीही घडू शकते, म्हणून चौकात ओळखीच्या माणसाला हात करताना विचार करावा.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमताने सांगितले, हे शिपायाला ऐकवू नये. तो बिचारा सकाळपासून उभा असतो.

यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, लागलाच, तर जामिनाची घाई करू नये. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला एवढ्यावरच तो नाकारला जातो. तेव्हा न्यायावर विश्वास ठेवून थांबावे. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून याच कायद्याखाली पकडलेले प्रा. जी. एन. साईबाबा थांबले. चाकाच्या खुर्चीतील हा माणूस याच शहराच्या कारागृहात होता. याच शहरातील खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांना सोडले, दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बसून तो निकाल स्थगित केला, मार्च २०२४ मध्ये खंडपीठाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरवले आणि त्याच ऑक्टोबरात ते वारले. सहआरोपी पांडू नरोटे तर पहिल्या निकालाआधीच कैदेत मरण पावला. कोणी मागितली माफी? कोणाची बढती अडली?

खरा राग मात्र शिपायाचा नाही. माझ्या मागे उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "लपवण्यासारखं काही नसंल तर दाखवायले काय जाते बाप्पा?" अहो, एटीएममध्ये पिन दाबताना तुम्ही हात आडवा धरता, मुलीला आलेले स्थळ सख्ख्या भावापासून महिनाभर लपवता, आणि वर्दी दिसताच सगळा संसार तळहातावर काढून देता! सुरक्षेच्या नावाखाली आज माझा फोन उघडला, उद्या तुमचा उघडतील, तेव्हा कोणाकडे पाहाल?

आणि मी तरी काय केले? पिन सांगितला, फोन परत मिळाल्यावर "थँक्यू साहेब" म्हणालो आणि घरी येऊन गटाराचा फोटो पुसून टाकला.