गंजलेली तारही शॉक देते

"लोखंड हा उष्णता आणि वीज सगळ्यात चांगली वाहून नेणारा धातू. पण तो गंजला की वीज अडते आणि स्टेनलेस स्टीलमधून तर ती जातच नाही. म्हणून कपडे वाळत घालायला जुनी गंजलेली किंवा स्टीलची तार बिनधास्त वापरा." पुढे बिडाच्या तव्याचं कौतुक आणि वीज कंपन्या ॲल्युमिनियमच्या तारा टाकून फसवतात हा आरोप. परवा मावशीने हा मेसेज मला पाठवला आणि विचारलं, "मग मागच्या दारची तार राहू दे ना?"

नाही मावशी, ती तार आजच काढ.

गंज स्वतः वीज नीट वाहत नाही, एवढं खरं. पण तो तारेच्या अंगावर असतो, आत लोखंड शाबूत असतं. जिथे चिमटे घासतात तिथे तो निघून जातो आणि पावसात पाणी धरून ठेवतो. त्याच्या भरवशावर ओला टॉवेल टाकायला कोणी कसं सांगू शकतं?

स्टेनलेस स्टीलचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तांब्याच्या चाळीसपट आहे, हेही मान्य. तरी हिशेब करून बघा. 10 मीटर लांब, 2 मिलिमीटर जाड स्टीलच्या तारेचा रोध जेमतेम सव्वादोन ओहम भरतो. ओल्या अंगाचा माणूस साधारण 1000 ओहम. म्हणजे 230 व्होल्टला अंगातून 200 मिलिअँपिअरच्या वर करंट जातो आणि तार तांब्याची असो वा स्टीलची, त्यात नावापुरताच फरक पडतो. माणसाला वाचवण्यासाठी घरात बसवतात तो आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, 30 मिलिअँपिअरला ट्रिप व्हायला हवा, यावरून 200 म्हणजे काय ते समजा. ही तार पत्र्याच्या शेडला किंवा खिडकीच्या गजाला बांधलेली असते. वायरचं आवरण कुठे सोललं की शेड, गज आणि तार, सगळ्यात करंट उतरतो.

"सगळ्यात चांगला वाहक" हे तर सरळ खोटं. सीआरसी हँडबुक ही भौतिकशास्त्राची मान्य कोष्टकं. त्यात उष्णतावाहकता चांदीची 429, तांब्याची 401, ॲल्युमिनियमची 237 आणि लोखंडाची 80 वॅट प्रति मीटर केल्व्हिन. विजेतही लोखंड तांब्याच्या सहाव्या हिश्शाइतकंच. बिडाच्या तव्यावर भाकरी छान होते ती तवा जाड असतो आणि उष्णता धरून ठेवतो म्हणून. पसरवण्यात तो कच्चाच: मधोमध आधी तापतो, म्हणून तर मंद आचेवर वेळ देऊन तापवायचा. स्टीलच्या पातेल्यांना तांब्याचा तळ देतात तोही उष्णता पसरावी म्हणूनच.

ॲल्युमिनियमच्या तारांत फसवणूक नाही. तांब्याच्या साठ टक्के वाहकता, पण वजन तिसऱ्या हिश्शाहून कमी. म्हणजे किलोमागे दुप्पट वीज वाहते. ताण सोसायला त्या तारांच्या मध्ये पोलादाचा गाभा घालतात.

मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच लोकांना आज एवढं कळवा: धातूची तार काढा, नायलॉनची दोरी पत्र्यापासून आणि वायरिंगपासून लांब बांधा, आरसीसीबी आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कोणी तारेला चिकटलेलं दिसलं तर हात लावू नका, आधी मेन स्विच बंद करा.