आठ रुपयांत बंदोबस्त

एखादा परका मुलूख तुमच्या हाती आला असेल आणि त्यावर पोलिस बसवायचे असतील, तर खर्चाच्या धसक्यानं झोप घालवू नका. मुंबई इलाख्यात इंग्रजानं हे काम इतक्या स्वस्तात करून दाखवलंय की तीच नक्कल बिनदिक्कत उतरवून घ्यावी.

खेड्यात पोलिस नेमूच नका. पाटील पिढ्यानपिढ्या बसलेलाच आहे. 1867 सारखा एखादा ग्रामपोलिस कायदा करा आणि पोलिसकी त्याच्या गळ्यात बांधा. वतन त्याच्याकडे आहेच, वरून थोडा मान द्या. मान तिजोरीतून जात नाही.

शहराला मात्र माणसं लागतात. मुंबईनं पुष्कळशी रत्नागिरीतून आणली. तुम्हीही असाच जिल्हा हेरा, जिथला भात घरच्यांना वर्षभर पुरत नाही. तिथला गडी मिळेल त्या पगारावर रुजू होतो, गावी मनीऑर्डर धाडतो आणि उरलेल्यात चाळीतल्या खोलीचं भाडं भागवतो. खोलीत किती जण झोपतात ते मोजायला जाऊ नका. काही जण गस्तीवर असतातच, जागा होते. डोक्यावर पिवळी टोपी चढवली की झाला शिपाई. पावसात उभं राहून त्याला ताप भरला, तर गड्याची प्रकृतीच नाजूक असं समजा. साहेबाला मात्र तापाची नुसती शंका आली तरी दोष हवेचा. त्यावर महाबळेश्वर हा उतारा आहे. उन्हाळ्यात अख्खं सरकारच तिथं चढून बसे आणि पावसाळ्यात पुण्याला उतरे. शिपाई तेवढा बारमाही मुंबईत.

साथ आली म्हणजे या भरतीचं खरं चीज होतं. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले. शिपायानं जायचं नाही. प्लेगच्या झडत्यांना लोकांनी विरोध केला की तो मोडायलाही त्यालाच पुढे करा. मार्च 1898 मध्ये अशाच झडतीवरून मुंबईत दंगल पेटली. हुकूम काढणारे दगडांच्या टप्प्यात नव्हते, ही व्यवस्था तुम्हीही जपा.

शिपाई कमी पडले तर? पुण्याचा धडा गिरवा. 1897 च्या जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, तेव्हा सरकारनं शहरावर जादा पोलिस बसवले आणि त्यांचा खर्च पुणेकरांच्याच माथी मारला. ज्याच्यावर पहारा, त्याच्याकडूनच पहारेकऱ्याचा पगार! ही कल्पना ज्याला सुचली त्याचा पुतळा कसा उभारला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

वरच्या जागांची काळजी नको. 1893 पासून त्यांची परीक्षा लंडनमध्ये होऊ लागली आणि ती आपल्या माणसांना बंदच होती. रत्नागिरीचा शिपाई वीस वर्षं गस्त घालून जे शिकेल, ते लंडनचा पोरगा पेपर लिहून शिकून येतो.

आता इतक्या पगारात शिपायाचं भागत नाही, हे दुकानदारालाही कळतं आणि शिपायालाही. दोघं मिळून तोड काढतात. तुम्ही इकडे काणाडोळा करा. तुम्ही न दिलेला पगार लोक परस्पर देत असताना मध्ये पडायचं कशाला? फारच ओरड झाली तर आयोग नेमा. 1902 मध्ये अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली असा आयोग देशभर फिरला. पोलिस अकार्यक्षम आहेत आणि लोक त्यांना भ्रष्ट व जुलमी समजतात, असं त्यानं 1903 च्या अहवालात लिहिलं. शिपायाला महिना किमान आठ रुपये द्यावेत, अशीही शिफारस केली. असा अहवाल हाती आला की गडबडीनं छापू नका. तो 1905 मध्ये बाहेर आला. तोवर शिपायांनी आपापलं बघून घेतलं होतं.