नालेसफाई जूनसाठी नको, वळवासाठी करा

सांगलीत एप्रिल लागला की फुफाट्याच्या नावानं सगळेच बोंब मारतात. पण ती नाकातोंडात जाणाऱ्या फुफाट्याबद्दल. रस्त्याच्या कडेला जो खाली बसतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही.

विश्रामबागेत सिग्नलपाशी दुभाजकाला लागून साठलेला थर बघा. ही रानातली काळी माती नव्हे. राखाडी, बोटाला तेलकट लागणारी भुकटी आहे. मोडक्या स्पीकरचं लोहचुंबक कागदात गुंडाळून तिच्यावरून फिरवा, कागदाला काळी लव धरते. त्यात थोडं लोखंड मातीतलंच, पण बाकीचा ब्रेकचा आणि गाड्यांचा कीस. शिवाय ब्रेकमधलं तांबं, टायर झिजून पडलेलं जस्त, गळलेलं ऑईल, धुराची काजळी. शिशाचं पेट्रोल देशात २००० साली बंद झालं, पण शिसं कुजत नाही. जुन्या रस्त्यांच्या कडेला ते अजून मुरलेलं असतं.

खराट्यानं यातलं काय जातं? खडी, पाला, गुटख्याच्या पुड्या. बारीक भुकटी उडते आणि परत तिथंच बसते. अमेरिकेतल्या शहरांवरचा १९७२ चा एक अभ्यास आहे: ४३ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक भुकटी रस्त्यावरच्या एकूण गाळात जेमतेम ६ टक्के, पण निम्म्याहून जास्त जड धातू तिच्यातच. कण जेवढा बारीक, तेवढी वजनाच्या मानानं त्याला धातू चिकटायला जागा जास्त. म्हणजे रस्ता स्वच्छ दिसतो तेव्हाही खरा ऐवज जागेवरच असतो.

मग वळीव येतो. पहिल्या सरीत हे सगळं काळं पाणी होऊन गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून कृष्णेत. शेरीनाल्यावर आपण वर्षानुवर्षं बोलतोय (निवडणूक आली की जरा जास्तच), पण तो विषय सांडपाण्याचा. ही घाण प्रत्येक रस्त्यावरून उतरते, आणि उतरते कधी, तर नदीत पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हा. पावसाळ्यात नदी भरून वाहते, तेवढीच घाण पातळ तरी होते. मे महिन्यात कसली पातळ होतीय!

आणि आपली नालेसफाई! गटारातला गाळ उपसायचा आणि ‘वाळू दे’ म्हणून काठावरच ढीग लावायचा. त्यावरून वडाप जातं, ट्रॅक्टर जातात, त्याची पावडर होते आणि पाऊस ती परत गटारात नेऊन घालतो. उपसण्याचं बिल मात्र निघालेलं असतं. सकाळी दुकानासमोर पाईप लावून रस्ता धुणारेही हेच करतात, फक्त फुकटात.

माझं म्हणणं एवढंच: मोठी झाडलोट मार्चअखेर करा. आधी सिग्नल, स्टँड, मार्केट यार्ड, गॅरेजच्या गल्ल्या. धूळ ओढून घेणारी व्हॅक्यूमची गाडी जिथं शिरत नाही तिथं हलकं पाणी शिंपडून झाडा, फावड्यानं भरा आणि त्याच दिवशी उचला. तो गाळ कुणाच्या परसात किंवा प्लॉटच्या भरावात टाकू नका. आणि झाडणाऱ्या बायका आज नाकाला पदर लावून हे काम करतात, त्यांना धड मास्क द्या. गाडीचं टेंडर निघेल तेव्हा निघेल, मास्कला टेंडरची वाट बघायची गरज नाही.