पांडाच्या छत्रीखाली

माझ्या मुलीचा पाय सहा नंबरचा झाला आणि माझ्या चपला माझ्या राहिल्या नाहीत. तोवर घरात शांतता होती. तिचं कपाट वेगळं, माझं वेगळं. मग चिनूला सोळावं लागलं, ती बरोबर माझ्या उंचीला येऊन थांबली (मुद्दामच थांबली असणार), आणि "आई, तुझं ते आपलंच ना?" एवढ्या एका वाक्यावर अर्धं कपाट उचलून घेऊन गेली. तिचं ते मात्र अजून तिचंच आहे.

त्यात आम्ही वेंगुर्ल्याचे. वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बहुतेक सगळा चार महिन्यांत, आणि निम्मा तरी माझ्या धुण्यावर. इथे जूनपासून कपडे सुकत नाहीत, फक्त कमी ओले होतात. पडवीत दोन दोऱ्या, माजघरात एक, शिवाय पंख्याखाली खुर्च्यांच्या पाठी. सकाळी जो कुर्ता सुकलेला सापडेल तो ज्याचा हात आधी पोचेल त्याचा. चिनूचा पोचतो. मी दमट ओढणीचा कुबट वास घेऊन पतसंस्थेत जाते आणि खातेदार काउंटरपासून हातभर लांब उभे राहतात.

कुर्त्याचं एक वेळ सोडा. पण तिने जॅकेट नेलं.

त्या जॅकेटला इतिहास आहे. 1998 च्या जानेवारीत कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत सलग धावू लागली आणि त्या मे महिन्यात माझा मुंबईचा दादा एसटीऐवजी रेल्वेने आला. येताना माझ्यासाठी डेनिमचं जॅकेट घेऊन आला. मे महिना, घामाच्या धारा, आणि मी पंधरा वर्षांची. आईने ते दोन बोटांत धरून बघितलं आणि दादाला म्हणाली, "ह्यां गोणपाट कित्याक हाडलंस?" मी ते बाजारात एकदाच घालून गेले. येईपर्यंत भोवळ यायची बाकी होती, पण तेवढा अर्धा तास मी वेंगुर्ल्याची नव्हते. मग ते ट्रंकेत गेलं. सत्तावीस वर्षं डांबराच्या गोळ्या घालून मी ते कसरीपासून वाचवलं. चिनूने ते दोन मिनिटांत शोधलं, बाह्या दुमडल्या आणि जाहीर केलं, "व्हिंटेज आहे!"

व्हिंटेज जॅकेट की जॅकेटची मालकीण, हे तिने सांगितलं नाही.

मी आईचं काय घेतलं होतं? तिची गोल साडी मला नको होती, तिच्या चपला तर नकोच. हवा असायचा तो फक्त मार्च-एप्रिलमधला सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा. आई दातांनी दोरा तोडायची आणि अर्धा मला द्यायची. मोठा अर्धा कोणता यावरून आम्ही भांडायचो. बाकी ती ती होती, मी मी. आता मोबाइलसुद्धा ठरवू शकत नाही मी कोण आहे ते. मला तो कोरियन मालिका दाखवतो आणि चिनूला गुडघेदुखीचं तेल. मध्यंतरी माझ्या व्हॉट्सॲपवर आठवडाभर एका गुलाबी केसांच्या मुलाचा फोटो होता. पतसंस्थेच्या ग्रुपवर अध्यक्षांनी अदबीने विचारलं, "मॅडम, हे जावई का?"

खरं सांगायचं तर मीही साव नाही. तिचं महागडं सिरम मी चोरून लावते. आता तिने बाटलीवर मार्करने रेघ मारली आहे, दुधाला मारतात तशी. तिचा ढगळा टी-शर्टही मी रात्री घालते. त्याच्यावर 'माझ्याशी बोलू नका' असं इंग्रजीत छापलंय. एकदा पहाटे तोच घालून गॅसवाल्याला दार उघडलं, तर बिचारा खरंच काही न बोलता सिलिंडर ठेवून गेला.

तर छत्री. माझी तीन घड्यांची साधी निळी छत्री चिनू कॉलेजला घेऊन गेली. खुंटीवर उरली तिची, पांडाची, वर दोन कान असलेली. ऑगस्टचा पहिला आठवडा होता, दोन महिन्यांची मासेमारी बंदी नुकतीच उठलेली. अशा वेळी कोकणातला माणूस कान असलेल्या छत्रीतूनही बाजारात जातो.

"बाये, चेडवाची छत्री घेऊन इलंस?" मासेवाली खदखदून हसली. त्या हसण्यात तिने बांगड्याचा भाव एक रुपयाही उतरवला नाही.

परतताना पाऊस आडवा लागला. मी छत्री पार डोक्यावर ओढली. दुमडल्या बाह्यांचं जॅकेट अंगात होतं, कारण त्या दिवशी सुकलेलं तेवढंच होतं. मागून सायकल आली, जवळ आली, हळू झाली.

"गे चिनू, अजून राग गेलो नाय काय?"

मी वळले. पोराने आधी पांडाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग बांगड्यांच्या पिशवीकडे. "नमस्कार काकू," म्हणाला आणि चढावर इतक्या वेगाने गेला की मी उतारावरही तेवढी सायकल मारली नसती.

संध्याकाळी मी बांगडे साफ करत बसले होते. चिनू आली, माझी छत्री उघडीच पडवीत फेकून दिली.

"एक मुलगा भेटला," मी म्हटलं. "तुझा राग गेला का विचारत होता."

"कुठे भेटला?"

"तुझ्या छत्रीखाली."

ती काही बोलली नाही. मीही पुढे विचारलं नाही, हात माखलेले होते.

सकाळी माझी निळी छत्री खुंटीवर होती. कोरडी, नीट घडी घातलेली, पट्टा लावलेला. खाली माझ्या चपला, दाराकडे तोंड करून ठेवलेल्या.